रुग्णालयाच्या किल्ल्या कोणाकडे?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. वॉर्डातल्या टेबलावरचा संगणक सकाळपासून सुरूच आहे आणि त्यावर अजूनही सकाळच्या पाळीतल्या निवासी डॉक्टरांचे नाव झळकते आहे. ते केव्हाच घरी गेले. त्यांच्या नावाने दुपारी एका इंटर्नने रक्ताचे अहवाल पाहिले, संध्याकाळी सिस्टरांनी औषधांची नोंद केली आणि आता रात्रपाळीचे डॉक्टर त्याच नावाखाली एका रुग्णाच्या इन्सुलिनचे प्रमाण बदलत आहेत. पासवर्ड कोणाला विचारावा लागत नाही. तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. सगळे थकलेले आहेत आणि सगळ्यांना रुग्ण सांभाळायचा आहे. पण उद्या इन्सुलिनचे प्रमाण चुकले असे निघाले, तर नोंदीत नाव दिसेल ते घरी झोपलेल्या डॉक्टरांचे.

हे चित्र कोणत्याही एका रुग्णालयाचे नाही. २०१७ मध्ये आरोग्यसेवेतील २९९ जणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांनी कधी ना कधी सहकाऱ्याचा पासवर्ड वापरल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांपैकी तर झाडून सर्वांनी. कागदी केसपेपरच्या काळात ही अडचण एवढी नव्हती. डॉक्टरांचे अक्षर वाचता येत नाही अशी थट्टा होई, पण ते अक्षर कोणाचे हे वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांना अचूक कळत असे. संगणकावर सगळ्यांचे अक्षर सारखेच. तिथे माणूस ओळखायचा तो फक्त नावावरून, आणि ते नावच उसने असेल तर नोंदीला काही अर्थ उरत नाही.

संगणकाच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि त्यातल्या कोणाला काय पाहता येईल, काय बदलता येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे एका यादीत नोंदलेली असतात. त्या यादीला आणि ती सांभाळणाऱ्या यंत्रणेला डिरेक्टरी सर्व्हिस म्हणतात. तिच्या आधारे दिल्या-नाकारल्या जाणाऱ्या परवानगीला ॲक्सेस कंट्रोल. दोन्ही नावे रूक्ष आहेत. त्यामुळे हा विषय ‘आयटीवाल्यांचा’ म्हणून बाजूला टाकला जातो. गेल्या काही वर्षांतला जगभरचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. ही यादी ऑक्सिजनच्या पुरवठ्याइतकीच रुग्णाच्या जिवाशी जोडलेली आहे आणि तिची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखाने स्वतःकडे घ्यायला हवी.

डिरेक्टरी हा शब्द मराठी घरांना नवा नाही. टेलिफोनशेजारी ठेवलेले ते जाडजूड पुस्तक अनेकांना आठवत असेल. संगणकातली डिरेक्टरी त्याच कल्पनेतून जन्मली. १९८८ मध्ये दूरसंचार क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी ‘एक्स. ५००’ नावाचे मानक ठरवले. देश, त्यात संस्था, संस्थेत विभाग, विभागात माणूस अशी झाडाच्या फांद्यांसारखी मांडणी त्यात होती. ते मानक फार अवजड होते. म्हणून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती तयार झाली आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘एलडॅप’. पुढे विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आली आणि बघता बघता जगभरच्या कचेऱ्या, बँका व रुग्णालये तिच्यावर विसंबून काम करू लागली.

अशी एकच यादी का लागते, हे रुग्णालयात चटकन समजते. केसपेपर काढण्याची एक प्रणाली, प्रयोगशाळेची दुसरी, एक्स-रे आणि सीटी स्कॅनची तिसरी, औषधांच्या दुकानाची चौथी, बिलांची पाचवी. प्रत्येकीची स्वतंत्र यादी असेल तर प्रत्येक डॉक्टरला पाच नावे आणि पाच पासवर्ड सांभाळावे लागतात. मग चिठ्ठी चिकटवण्यावाचून गत्यंतर नसते. त्याहून मोठा घोटाळा पुढे होतो. डॉक्टर नोकरी सोडून जातात, एका यादीतून त्यांचे नाव कमी होते आणि उरलेल्या चार याद्यांत ते वर्षानुवर्षे जिवंत राहते. सगळ्या प्रणालींनी एकाच यादीला विचारायचे ठरवले की एका ठिकाणी नाव बंद केल्यावर पाचही दारे बंद होतात.

ओळख पटवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८०च्या दशकात ‘केर्बेरोस’ ही पद्धत तयार झाली. ग्रीक पुराणकथेत पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. ॲक्टिव्ह डिरेक्टरी हीच पद्धत वापरते. एसटीचा किंवा बसचा दिवसभराचा पास काढावा तसे तिचे काम चालते. सकाळी एकदा खिडकीवर ओळख पटवायची, त्याबदली काही तासांपुरते चालणारे तिकीट घ्यायचे आणि दिवसभर प्रत्येक दारावर पासवर्ड न सांगता ते तिकीट दाखवायचे. मुदत संपली की तिकीट निकामी. पासवर्ड जाळ्यातून वारंवार फिरत नाही, हा यातला मोठा फायदा.

ओळख पटली म्हणजे सगळे उघडले असे मात्र होता कामा नये. इमारतीच्या फाटकावरचा पहारेकरी ओळखतो म्हणून कोणी औषधांच्या कपाटाची किल्ली हातात देत नाही. संगणकशास्त्रात हे तत्त्व जुने आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच आणि कमीत कमी अधिकार द्यावेत. १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी त्याला व्यवहार्य रूप दिले: अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यायचे. ‘बालरोग वॉर्डातील परिचारिका’ ही एक भूमिका, ‘रक्तपेढीतील तंत्रज्ञ’ ही दुसरी. सिस्टरांची बदली बालरोग वॉर्डातून अतिदक्षता विभागात झाली की त्यांची भूमिका बदलायची. जुने अधिकार आपोआप जातात, नवे आपोआप येतात.

कागदावर हे इतके सोपे आहे. प्रत्यक्षात बदली होते, नवी किल्ली मिळते, पण जुनी कोणी परत मागत नाही. दहा वर्षे नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याकडे अशा किल्ल्यांचा जुडगाच जमतो. आणि सर्वात धोकादायक किल्ली असते ती जाळ्याच्या व्यवस्थापकाची. तिने यादीच बदलता येते, नवी माणसे निर्माण करता येतात, कोणाचेही दार उघडता येते. हल्लेखोरांना ती हवी असते. ती मिळाली तर काय होते, याची नोंद आयर्लंडमध्ये तारखांसह उपलब्ध आहे.

आयर्लंडची सरकारी आरोग्यसेवा ‘हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह’ ही संस्था चालवते. १८ मार्च २०२१ रोजी तिच्या एका कर्मचाऱ्याने ईमेलबरोबर आलेली एक्सेलची फाइल उघडली. फाइल विषारी होती. ३१ मार्चला त्या संगणकावरील विषाणूरोधक प्रणालीने धोका ओळखला; सापडलेल्या हत्यारांत संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उपसून काढणारे ‘मिमिकॅट्झ’ही होते. पण ती प्रणाली फक्त पाहून नोंद करण्यापुरती लावलेली होती, अडवण्यासाठी नव्हे. हल्लेखोर आत फिरत राहिले. त्यांनी वरच्या अधिकारांची अनेक खाती ताब्यात घेतली. ७ मेपासून ते मुख्य सर्व्हरांवर आणि तिथून एकेका रुग्णालयात पोहोचले. १४ मेच्या मध्यरात्रीनंतर सगळीकडच्या फायली एकदम कुलूपबंद झाल्या आणि खंडणीची मागणी आली.

त्या सकाळी देशभरातल्या रुग्णालयांना संगणक बंद करावे लागले. कर्करोगाच्या रुग्णांचे किरणोपचार खोळंबले. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूती रुग्णालयाने बाह्यरुग्ण भेटी रद्द केल्या. अपवाद केला तो ३६ आठवडे किंवा त्याहून अधिक दिवस भरलेल्या गर्भवतींचा. रक्ताचे अहवाल हाताने लिहून पोहोचवले जाऊ लागले. सरकारने खंडणी दिली नाही. आठवड्याभरात गुन्हेगारांनीच कुलूप उघडण्याची किल्ली फुकट दिली, तरीही सर्व सर्व्हर मोकळे व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. म्हणजे किल्ली हाती असूनही चार महिने. यादीतली कोणती नावे खरी, कोणती हल्लेखोरांच्या हाती गेलेली, कोणत्या दारातून ते पुन्हा येतील, याची खात्री केल्याशिवाय काहीच पूर्ववत सुरू करता येत नव्हते.

या घटनेचा चौकशी अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक निष्कर्ष साऱ्या आरोग्य प्रशासनांनी वाचावा असा आहे: वरिष्ठ व्यवस्थापनात सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेली एकही ठरावीक व्यक्ती नव्हती. धोक्याचे इशारे मिळत होते. ते एकत्र ठेवून निर्णय घेणारे कोणी नव्हते.

यादी चोरांच्या हाती जाणे हा एक धोका; यादीच नष्ट होणे हा दुसरा. त्याचे सर्वात बोलके उदाहरण रुग्णालयाबाहेरचे असले तरी महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीला गाठले. त्याच्याही पोटात मिमिकॅट्झसारखेच पासवर्ड उपसणारे हत्यार होते. एखाद्या व्यवस्थापकाने साध्या संगणकावर आपल्या नावाने काम केले असेल, तर त्या स्मृतीत उरलेली ओळख वापरून विषाणू पुढच्या शेकडो संगणकांवर उडी घेई. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्या दिवशी विस्कळीत झाले.

मर्स्कची डिरेक्टरी सुमारे १५० सर्व्हरांवर होती आणि प्रत्येकाची प्रत दुसऱ्याकडे असे. एक गेला तर बाकीचे आहेत, हा हिशेब. सगळेच एकदम जातील हे कोणी धरले नव्हते. ते गेले. एकच प्रत वाचली, तीही घानामध्ये. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, इंटरनेट संथ असल्याने ती प्रत पाठवता येईना आणि घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एकाने ती हार्ड डिस्क नायजेरियाला नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करण्याचे काम कंपनीने दहा दिवसांत केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितले. जगातल्या एका बलाढ्य कंपनीची घडी बसली ती एका शहरातल्या भारनियमनाच्या कृपेने. माल दहा दिवस गोदीत थांबू शकतो. अतिदक्षता विभागातला रुग्ण थांबू शकत नाही, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या नशिबी असे घाना असेलच असे नाही.

भारताला हा धडा दिल्लीत मिळाला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘एम्स’चे सर्व्हर बंद पडले. नोंदणी, प्रयोगशाळा, बिले, सगळे कागदावर आले. रांगा वाढल्या. संगणकीय नोंदणी रुळावर यायला सुमारे दोन आठवडे लागले. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे आणि जाळ्याची योग्य विभागणी नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव मिळाल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. विभागणी म्हणजे काय, हे वाड्याच्या उदाहरणाने कळते. दिंडीतून आत आलेला माणूस ओसरीपर्यंत पोहोचेल, पण माजघर, कोठार आणि देवघर यांची दारे वेगळी असतात. दिंडी ओलांडली की सगळा वाडा मोकळा, अशी रचना असेल तर चोराचे काम एका दारावर भागते.

हल्लेखोर परदेशात बसलेलाच असतो असेही नाही. अनेकदा तो हल्लेखोर नसतोच, नुसता चौकस असतो. पोर्तुगालमधील एका सरकारी रुग्णालयाला तेथील माहिती संरक्षण आयोगाने २०१८ मध्ये चार लाख युरोंचा दंड केला. तपासणीत आढळले ते असे: रुग्णालयात डॉक्टर होते २९६ आणि संगणकात डॉक्टरांचे अधिकार असलेली सुरू खाती होती ९८५. उरलेली सुमारे सातशे नावे कोणाची होती, कोण वापरत होते, याचा विचार कोणीच केला नव्हता. नेदरलँड्समधील हेग शहरातल्या एका रुग्णालयात एक प्रसिद्ध व्यक्ती दाखल झाली, तेव्हा उपचारांशी काडीचा संबंध नसलेल्या डझनावारी कर्मचाऱ्यांनी तिची कागदपत्रे चाळली. २०१९ मध्ये त्या रुग्णालयाला ४,६०,००० युरोंचा दंड झाला. पुढे न्यायालयाने तो ३,५०,००० युरोंवर आणला.

तिथे प्रसिद्ध व्यक्ती होती म्हणून गाजावाजा झाला. तालुक्याच्या गावात शेजारच्या मुलीचा गर्भपात, मास्तरांचा क्षयरोग, दुकानदाराची एचआयव्ही तपासणी किंवा वहिनींचे मानसोपचार, यांतले एक पान उघडून पाहिले तरी एका कुटुंबाचे आयुष्य बदलते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण ज्या संगणकात सगळ्यांना सगळे दिसते आणि कोणी पाहिले ते कळत नाही, तिथे तो हक्क कायद्याच्या पुस्तकातच राहतो. आपली गोष्ट बाहेर फुटेल या भीतीने रुग्ण डॉक्टरांपासून आजार लपवतो, आणि मग उपचारच चुकतात.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. रुग्णाचे हृदय बंद पडत असताना पासवर्ड आठवत बसायचे का? एका पाळीत पन्नास वेळा नाव घालायचे आणि पन्नास वेळा बाहेर पडायचे, तर रुग्ण पाहायचे कधी? सुरक्षेच्या नावाखाली दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणाऱ्या आणि दर पाच मिनिटांनी बाहेर काढणाऱ्या प्रणाली वापरणाऱ्याला चिठ्ठीकडेच ढकलतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलण्याची जुनी शिफारस मागे घेतली. तेव्हा वॉर्डातल्या चिठ्ठीबद्दल सिस्टरांवर डाफरण्याआधी, ती चिठ्ठी लावण्याची वेळ त्यांच्यावर कोणी आणली हे पाहिले पाहिजे. पाळीवर रुजू झालेल्या इंटर्नला स्वतःचे खाते मिळायला तीन आठवडे लागत असतील, तर पहिल्याच दिवशी तो दुसऱ्याचे नाव वापरायला शिकतो. ती सवय पुढे जन्मभर जात नाही.

याला उपाय आहेत. ओळखपत्र यंत्राला टेकवले की आपले पान उघडावे आणि दुसऱ्या संगणकावर गेल्यास तिथेही तेच पान यावे, ही सोय आज उपलब्ध आहे. आणीबाणीसाठी ‘काच फोडा’ ही रीत आहे. आगीच्या घंटेवरची काच कोणीही फोडू शकतो, पण फोडली की सगळ्यांना कळते. तसेच, एरवी बंद असलेला केसपेपर डॉक्टरांना तातडीने उघडता यावा. त्याच क्षणी कारण नोंदले जावे आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी ते तपासावे. रुग्णाचा जीव आणि रुग्णाची गोपनीयता यांत एकाची निवड करण्याची वेळ त्यामुळे येत नाही. काच रोज फुटू लागली, तर अधिकारांची वाटणीच चुकली आहे हेही लक्षात येते.

पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणेही आता ऐच्छिक राहिलेले नाही, विशेषतः बाहेरून जाळ्यात शिरताना. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीवर हल्ला झाला. देशभरातल्या औषध दुकानांचे आणि रुग्णालयांच्या बिलांचे व्यवहार ठप्प झाले. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती धोक्यात आली. हल्लेखोर आत आले ते चोरलेल्या पासवर्डाने, आणि ज्या दारातून आले तिथे दुसऱ्या पुराव्याची अट नव्हती, हे मातृकंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर कबूल केले. यूपीआयने पैसे देतानाही सहसा फोन आणि पिन दोन्ही लागतात. लाखो रुग्णांच्या नोंदींना त्याहून कमी संरक्षण असावे, याचे समर्थन कोणाला करता येईल?

‘हे मोठ्या रुग्णालयांचे प्रश्न, वीस खाटांच्या नर्सिंग होमला काय त्याचे?’ असेही विचारले जाते. खर्चाची सबब मात्र टिकत नाही. ‘ओपनएलडॅप’ आणि ‘सांबा’ यांसारखी डिरेक्टरीची मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. शिवाय सर्वात मोलाची कामे सॉफ्टवेअरची नाहीतच. नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा पगार काढताना त्याचे खाते बंद झाल्याची सही घ्यावी, हे काम हजेरीपट सांभाळणाऱ्या कारकुनाचे आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या माणसांची यादी वाचून कोणाचे काय अधिकार हवेत ते सांगावे, हे काम अर्ध्या तासाचे आहे. सीटी स्कॅन यंत्राची देखभाल करणाऱ्या कंपनीला बाहेरून शिरण्यासाठी दिलेले खाते कामापुरते उघडावे आणि काम झाले की बंद करावे. जाळ्याच्या व्यवस्थापकाने ईमेल वाचायला साधे खाते आणि व्यवस्थापनाला वेगळे खाते, वेगळ्या संगणकावरून वापरावे. मिमिकॅट्झसारख्या हत्यारांचा निम्मा कार्यभाग तिथेच थांबतो. डिरेक्टरीची एक प्रत जाळ्यापासून तोडून कपाटात ठेवावी आणि ती चालते की नाही हे वर्षातून एकदा तपासावे. आगीची रंगीत तालीम होते, तशी संगणक बंद पडल्याची तालीमही व्हावी.

कायदा या दिशेने सरकला आहे. देशाच्या सायबर प्रतिसाद यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये अशा घटना सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ने डॉक्टर आणि रुग्णालये यांच्या राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्या आहेत, त्याही एका अर्थाने डिरेक्टरीच. अमुक व्यक्ती डॉक्टर आहे हे त्या सांगतील. त्या डॉक्टरांनी या रुग्णाचे कागद आज पाहावेत का, हा प्रश्न रुग्णाच्या संमतीचा आणि रुग्णालयातल्या शिस्तीचा राहील. जितके अधिक केसपेपर एकमेकांना जोडले जातील, तितका एका चिठ्ठीवरच्या पासवर्डाचा हात लांब पोहोचेल.

दंडाची भीती दाखवून मात्र हे काम होणार नाही. हातांच्या स्वच्छतेचा आग्रह रुग्णालयांत रुजला तो ती रुग्णाच्या सुरक्षिततेची बाब मानली गेली म्हणून. आज कोणताही अधीक्षक ‘हात धुण्याचे पाहायला प्लंबर आहे ना’ असे म्हणणार नाही. कोणाच्या नावाने कोण काम करते, हा प्रश्नही त्याच मापाने मोजायला हवा. संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत, औषधांच्या चुकांच्या आढाव्यात, विश्वस्तांच्या सभेत तो यायला हवा, आणि त्याला उत्तर देणारी एक व्यक्ती नावानिशी ठरलेली असायला हवी.

सुरुवात करायला मोठा प्रकल्प लागत नाही. कोणत्याही रुग्णालयाच्या प्रमुखाने उद्या सकाळी दोन कागद मागवावेत: मनुष्यबळ विभागाकडून आज कामावर असलेल्यांची यादी आणि संगणक विभागाकडून आज सुरू असलेल्या खात्यांची यादी. दोन्ही शेजारी ठेवून एकेका नावावर बोट ठेवत वाचावे. ज्या नावासमोर माणूस नाही, ते नाव त्याच दिवशी बंद करावे. ज्या माणसासमोर नाव नाही, त्याला त्याच दिवशी द्यावे. कारण रात्री दोन वाजता तो कोणाचे नाव वापरतो आहे, हे तेव्हाच कळेल.